थालीपीठाचा भाव

लोअर परळच्या ज्या आवारांत एके काळी साच्यांचा खडखडाट अहोरात्र चालत असे, त्याच आवारांत हल्ली सायंकाळ झाली की मोटारींची रांग लागते, आणि जेवावयास मेज मिळावे म्हणून लोक कित्येक दिवस आधी आपले नाव नोंदवून ठेवतात. गिरणीचा भोंगा बंद झाला. त्याच्या जागी काचेच्या दरवाजांची, मंद दिव्यांची व भारी भाड्याची उपाहारगृहे आली. कमला मिलच्या आवारात २०१५ साली ‘द बॉम्बे कँटीन’ निघाले. पुढल्याच वर्षी महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीत ‘मास्क’ निघाले, आणि आशिया खंडातील उत्तम उपाहारगृहांच्या यादीत २०२२ साली भारतातील पहिला मान त्यास मिळाला. गिरणगावातल्या गल्लीतील स्वयंपाकाची कीर्ती समुद्रापलीकडे जावी, ही गोष्ट कोणाही मुंबईकरास अभिमानाची वाटावी अशीच आहे.

या नव्या आचाऱ्यांचा (त्यांस आता शेफ म्हणावयाचे) एक गुण आम्हांस खरोखर आवडला. एक पिढीपूर्वी मोठ्या हॉटेलातला आचारी परदेशी पदार्थांची हुबेहूब नक्कल साधली म्हणजे धन्य होई. आजचा शेफ नाचणी, वरी, तिरफळ, कोकम, बोंबील, आंबेहळद आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या धुंडाळीत कोकणात व देशावर हिंडतो. कोथिंबीरवडीस नवे रूप देतो, सोलकढी उंच पेल्यातून पुढे ठेवतो, शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यातूनही काही नवे काढतो. जी चव आपण ‘गावठी’ म्हणून पाहुण्यापासून लपवीत होतो, ती तो पाहुण्यास मुद्दाम वाढतो. स्वदेशीचा हा एक प्रकारच होय, आणि ज्या काळी आपले वडीलधारे परदेशी साखर टाकून गूळ खात होते, त्या काळीसुद्धा स्वदेशी अन्नाचे सुबक दुकान काढावे हे फारच थोड्यांस सुचले होते.

यावर आमचे काही वृद्ध वाचक म्हणतील की हे सारे थेर आहेत. थालीपीठ ते थालीपीठ, त्याचे नवे-जुने काय करावयाचे? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. एकादशीस आपण मोठ्या निष्ठेने साबुदाण्याची खिचडी खातो. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, त्यात पडणारे शेंगदाणे, बटाटा आणि मिरची ही चारही अमेरिका खंडातून आलेली, पोर्तुगीज व त्यांच्या मागून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी आणलेली. उपवासाच्या ताटात चार परदेशी पाहुणे, आणि आपण त्यांस सोवळ्यात बसविले! पाव तर उघडच फिरंग्यांचा. त्यात बटाटेवडा घालून दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तो विकावयास आरंभ केला असे सांगतात, आणि आज त्या वडापावावाचून मुंबईचा दिवस सरत नाही. १९१० साली दादरला निघालेले मामा काणे यांचे उपाहारगृह त्या दिवसांत नवलाचेच होते. बाहेरचे खाणे म्हणजे बाटणे असे मानणारे लोक तेव्हा कमी नव्हते. तात्पर्य, पाकक्रियेतील नवेपणास भ्यावे असे काही नाही. आमचा प्रश्न निराळा आहे, आणि तो पैशाचा आहे.

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही अशाच एका नव्या उपाहारगृहात गेलो. कोणत्या, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. थालीपीठ मागविले. ते आले तळहाताहून लहान, काळ्या दगडी पाटीवर, बाजूस लोण्याचा गोळा व माथ्यावर कसल्याशा कोवळ्या पानांचा तुरा मिरवीत. चव उत्तम होती हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; भाजणी खमंग होती व कडा कुरकुरीत होती. किंमत मात्र अशी की तेवढ्या पैशात दादरला चौघे पोटभर फराळ करून वर खरवस खातील. आमच्या स्नेह्यांनी ती निमूटपणे, किंबहुना थोड्या आनंदाने, दिली. पुढल्याच आठवड्यात हेच गृहस्थ दादरच्या एका जुन्या उपाहारगृहात आमच्यासमवेत बसले असता थालीपीठाचा भाव दहा रुपयांनी वाढलेला पाहून चिडले आणि म्हणाले, “यास घरी काय खर्च येतो हो? मूठभर पीठ आणि चमचाभर तेल!”

त्या एका वाक्यात सारे प्रकरण आले आहे. पीठ मोजले, तेल मोजले. ज्या हाताने आठ-दहा धान्ये निवडली, भाजली, दळून आणली, थापली, तव्याशी उभे राहून उलटली, तो हात हिशेबात नाही. का नाही? कारण घरी तो फुकट असतो. मराठी अन्न स्वस्त आहे ते धान्य स्वस्त म्हणून नव्हे; ते शिजविणारीस आपण कधी मजुरी दिली नाही म्हणून स्वस्त आहे. दगडी पाटीवरल्या थालीपीठाचे पैसे आपण देतो, कारण ते शेफने केले. स्टीलच्या ताटलीतल्या थालीपीठाचे देताना हात आखडतो, कारण ते आईसारखे लागते! ‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण आपण मालाविषयी वापरतो. या प्रकरणी ती माणसाविषयी खरी आहे.

आणि हे ज्या भूमीवर चालले आहे तिचा इतिहास तरी विसरता कामा नये. कोकणातून व साताऱ्याकडून आलेला गिरणीकामगार बायकामुले गावी ठेवून चाळीच्या गाळ्यात दहा-वीस जणांत पथारी टाकी. त्याच्या जेवणाची सोय कोणी केली? गिरणीच्या मालकाने नव्हे, नगरपालिकेने नव्हे. परळ-लालबागच्या चाळींतील बायांनी आपल्या एका खोलीत खाणावळी चालविल्या. पाळी कोणतीही असो, गिरणीच्या वेळेस गरम भाकरी तयार. मालवणच्या माणसास माशाचे कालवण, घाटावरच्यास झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी, रविवारी मटण. प्रत्येक गाववाल्याची जीभ ओळखून, महिन्याच्या ठरीव रकमेत, पंधरा-वीस माणसांचे पोट दोन वेळ भरावयाचे, आणि त्या रकमेतून आपल्या मुलांचे निभवावयाचे, हे पाकशास्त्र कोणत्या विद्यालयात शिकवितात? नव्या कल्पना लढविण्याचे जे कौतुक आज चालले आहे, त्याचा अव्वल नमुना आमच्या मते याच खोल्यांत पाहावयास मिळाला असता.

पण या बाया कायम कर्जात. किराणा उधार, उधारीवर व्याज, व्याजापायी मंगळसूत्र गहाण. आणि कामगाराचा पगार थकला की पहिली बाकी राहावयाची ती खाणावळीची. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले, तरी या बायांस बँकेच्या पायरीवर उभे करणारे कोणी नव्हते. ते काम गोवा मुक्तिसंग्रामात व कामगार चळवळीत तयार झालेल्या प्रेमाताई पुरव यांनी केले. १९७५ साली मूठभर खाणावळवाल्यांस घेऊन त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढले, आणि ज्यांच्याजवळ तारण म्हणून दाखवावयास पोळपाट-लाटण्यापलीकडे काही नव्हते अशा बायांस राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बायांनी ते फेडलेही. पुढे सरकारने प्रेमाताईंस पद्मश्री दिली. आमच्या समजुतीप्रमाणे मुंबईच्या खाद्यव्यवसायातील गेल्या अर्धशतकातील सर्वांत मोठी नवी कल्पना हीच. तीत दगडी पाटी नव्हती इतकेच.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरून गेला आणि गिरण्या त्याच्याबरोबर गेल्या. कामगार गावी परतले, खाणावळींची बाकी परतली नाही. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, १९९१ चा नियम कोणता, २००१ साली त्यात कोणता बदल झाला व २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने काय ठरविले, हा आमच्या मूळ धंद्याचा विषय असल्याने लिहावयास बसलो तर हा अंक पुरणार नाही. येथे एवढेच म्हणतो की, ज्या आवारातल्या माणसांस लालबागच्या बायांनी जेवू घातले, त्या आवारात आज जेवणाचाच धंदा भरभराटीत आहे, आणि त्यात त्या बायांचा वाटा पाहू गेल्यास तो भांडी घासण्यापुरता आढळतो.

हे आम्ही अंदाजाने लिहीत नाही. ज्या मुलाने आमच्यापुढे ती पाटी ठेवली तो प्रथम इंग्रजीत बोलत होता. आम्ही मराठीत विचारले, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. राहणार लालबागचा, आजी त्याच आवारापासून दहा मिनिटांवरल्या चाळीत खाणावळ चालवी. “आजीचं थालीपीठ यापेक्षा मोठं असायचं, काका,” तो हळूच म्हणाला, “पण पैसे मागायला ती लाजायची.”

लाजावयाचे! अन्न विकणे म्हणजे पाप, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजली आहे. अन्नदान हे पुण्य खरे. पण त्या पुण्याचा भार नेहमी एकाच माणसाच्या पाठीवर टाकावयाचा आणि यजमान म्हणून मिरवावयाचे दुसऱ्याने, हा कोठला धर्म? येथे कायद्याचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. १९८९ साली जमशेदपुरास एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले मृत्यू पावली. नुकसानभरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि लता वाधवा यांच्या खटल्यात २००१ साली न्यायालयास ठरवावे लागले की न कमावत्या गृहिणीच्या कामाचे मोल किती. ते निदान महिना ३,००० रुपये धरले गेले. पुढे २०१० साली अरुणकुमार अगरवाल यांच्या खटल्यात न्यायालयाने खेद प्रकट केला की २००१ च्या शिरगणतीत गृहिणींस भिकारी, वेश्या व कैदी यांच्या पंक्तीस बसविले होते, म्हणजे काही उत्पन्न न करणाऱ्या लोकांत! सकाळपासून चुलीशी राबणारी बाई काही उत्पन्न करीत नाही, हे सरकारदप्तरी लिहिले गेले आणि कोणास काही वाटले नाही. तिच्या श्रमाचा आकडा मांडण्याची पाळी येते ती ती मेल्यावर, मोटार अपघाताच्या दाव्यात. जिवंतपणी ती जेव्हा डबा विकावयास बसते तेव्हा तोच आकडा मांडावयास आपण तयार नाही.

येथे कोणी म्हणेल की या शेफ लोकांनी तरी काय गुन्हा केला? काहीच नाही. त्यांनी श्रमास भाव मिळू शकतो हे सिद्ध केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु आयत्या पिठावर रेघोट्या ओढताना पीठ कोणी दळले हे सांगण्याचे सौजन्य त्यांनी दाखवावे. लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’ हा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला; गावदेवीच्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली ‘रसचंद्रिका’ काढली; कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ही विद्या बायकांनी मिळविली, बायकांनीच लिहून ठेविली. आणि जी लिहिली गेली नाही ती तर अधिकच. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती पुढे मांडली, तेव्हा कित्येक सुशिक्षितांस प्रथमच कळले की आपण ज्यास ‘मराठी जेवण’ म्हणत आलो ते गावाच्या एका भागाचेच जेवण होते. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले तेव्हा शाहू छत्रपती स्वतः तेथे जाऊन चहा पीत, तो काळ जाऊन शंभर वर्षे लोटली. १९५० च्या राज्यघटनेने उपाहारगृहाचे दार कोणास बंद करता येणार नाही असे पंधराव्या कलमात लिहिले. जेवणाऱ्यासाठी दार उघडले हे उत्तम झाले. शिजविणाऱ्याचा हात कोणता, या प्रश्नास मात्र गिऱ्हाइकाच्या मनात अजून कुलूप आहे.

त्या दिवशीच्या बिलात सेवाशुल्काची एक ओळ होती. ग्राहकांच्या केंद्रीय प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी असे शुल्क परस्पर लावण्यास मनाई केली, व २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, हे आमच्या स्नेह्यांस ठाऊक नव्हते. वाचकांस ठाऊक असावे म्हणून लिहून ठेवतो. पण ती ओळ पाहून मनात आले की बिलात सेवेसाठी जागा निघते, तर मेन्यूत नावासाठी का निघू नये? अमुक कालवण वेंगुर्ल्याच्या अमुक बाईंकडून शिकलो, एवढे छापले व त्या बाईंस शिकविण्याचा मोबदला पोहोचविला, तर पदार्थाची चव बिघडणार नाही. चित्रकार सही करतो, गवई घराणे सांगतो. कालवणानेच निनावी का राहावे?

आमच्या व्यापारी वाचकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती भगिनी गच्चीवर पापड लाटावयास बसल्या. भांडवल उसने ८० रुपये. तो ‘लिज्जत’ आज देशभर हजारो स्त्रियांचा धंदा आहे, आणि लाटणारी प्रत्येकजण त्याची मालकीण आहे. त्याच गिरगावात मराठी बायांच्या हातास चव कमी होती काय? मुळीच नाही. कमी होता तो हिशेब, आणि मालकीची हौस. आमचा मराठी गृहस्थ मुलीच्या लग्नास कर्ज काढील, पण बायकोच्या पुरणपोळीच्या धंद्यास पाच हजार रुपये देताना दहादा विचार करील आणि शेवटी म्हणेल, “लोक काय म्हणतील?” लोकांचे म्हणणे असे की २०१५ साली दादरच्या ‘आस्वाद’ची मिसळ लंडनच्या स्पर्धेत जगातील उत्तम शाकाहारी पदार्थ ठरली! आता तरी त्यांच्या भीतीने घरात बसण्याचे कारण उरले नाही. लालबागच्या मसाला गल्लीत उन्हाळ्यात जाऊन पाहावे: बेडगी व संकेश्वरी मिरच्यांचे ढीग, भाजण्याचा ठसका, डंखाची धडधड, आणि प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे, तोंडपाठ. हे प्रमाण म्हणजे भांडवलच होय. ज्यांच्याजवळ त्या भागात रिकामे पोटमाळे व बंद गाळे आहेत त्यांनी चार बायांस मिळून एक स्वयंपाकघर वाजवी भाड्याने द्यावे. घरोघर डबे पोहोचविणाऱ्या मोबाइल कंपन्यांचे कमिशन सोसण्याचे बळ एकटीस नसते, चौघींस कदाचित येईल.

भाव वाढले तर गरिबाने काय खावे, असे विचारणारे पत्र येईलच. गरिबास स्वस्त अन्न मिळाले पाहिजे, याविषयी दुमत नाही. १९९५ सालची एक रुपयाची झुणका-भाकर असो की २०२० सालची दहा रुपयांची शिवभोजन थाळी असो, तो भार सरकारी तिजोरीने उचलावयाचा असतो. डबा करणाऱ्या विधवेने तो उचलावा आणि मोटारीतून आलेल्या गिऱ्हाइकाने त्याचा लाभ घ्यावा, यास आम्ही गरिबांची कळकळ म्हणत नाही.

त्या वाढप्या मुलाची आई परवा आमच्या कचेरीत आली होती. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या मागण्या घेते. अन्नसुरक्षा खात्याच्या नोंदणीचा कागद नीट आहे ना, एवढेच पाहावयाचे होते. कागद ठीक होता. आम्ही हिशेबाची वही मागितली. तांदळाची पिठी, नारळ, गूळ, वेलची, तूप, गॅस, खोके, सारे पै न पै लिहिलेले. “पहाटे तीनला उठता, दोन शेजारणी मदतीस येतात म्हणता, त्याचे काय?” असे विचारले. “त्याचं काय लिहायचं, वकीलसाहेब? घरचंच तर आहे.” पुष्कळ समजाविले तेव्हा पेन्सिल घेतली. शेजारणींच्या नावांपुढे तिने आकडा तत्काळ लिहिला. स्वतःच्या नावापुढे पेन्सिल बराच वेळ थांबली, आणि मग शेजारणींहून कमी आकडा लिहिला गेला. तो आम्ही खोडावयास लावला. बेरीज करता मोदकाचा भाव नगामागे सहा रुपयांनी वर गेला. चाळीतली गिऱ्हाइके काय म्हणतात, ते चतुर्थीस कळेल.